फायबरची बोट पांढरी पडली, आता कोणतं पॉलिश मशीन घ्यायचं?

काळी पँट घालून आमच्या बोटीच्या काठावर बसलं, की उठताना मागे पांढरा शिक्का ठरलेला. पहिल्यांदा मेव्हण्यांच्या पँटला लागला तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "खडू फासलाय का रे कुणी?" मी तळहात बोटीच्या बाजूवरून फिरवून बघितला. घेताना गडद निळी होती बोट. आता हाताला निळसर-पांढरी पावडर, आणि जिथून हात फिरला तिथे एक ओशाळलेला निळा पट्टा.

नाशकात बोट म्हटलं की लोक आधी हसतात. पण आमच्याच जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला, पाण्याची ओरड असलेल्या भागातला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरला होता, तेव्हा हसणाऱ्यांनी जरा थांबावं. आमची बोट काही शर्यतीची नाही. तिघांत मिळून घेतलेली चौदा फुटी, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला वर्षातून दहा-बारा रविवार उतरणारी. उरलेले सगळे दिवस ट्रॉलीवर, एका ओळखीच्या मळ्यात, उन्हात. ताडपत्री पहिल्याच वर्षी फाटली आणि "पुढच्या रविवारी नवी आणू" यात चार उन्हाळे गेले.

नाशिक हे गाड्यांचं शहर. सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे दर दोन चौकांनंतर रबिंग-पॉलिशवाला सापडतो. त्यामुळे मीही आधी तिकडेच गेलो. तो म्हणाला, "दादा, गाडीसारखंच असतं हो. एक हात रबिंग, एक हात पॉलिश, चकाचक." माणूस कामाचा पक्का होता. त्याने बोटीचा दरवाज्याएवढा भाग करून दाखवला आणि खरंच चमकला. तीन आठवड्यांनी तो भाग पुन्हा पांढरा. त्याचा हात चुकला नव्हता, अंदाज चुकला होता. मशीन निवडताना बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून आधी बोटीच्या कातडीबद्दल थोडं सांगतो.

फायबरची बोट साच्यात बनते. साच्याला आधी वॅक्स लावतात, मग त्यावर रंगीत जेलकोटचा थर मारतात, आणि त्याच्या मागे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन बसवत जातात. बोट साच्यातून बाहेर आली की सगळ्यात आधी मारलेला थर सगळ्यात बाहेर असतो. हा जेलकोट म्हणजे रंग मिसळलेलं पॉलिस्टर रेझिन. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. गाडीवरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. जेलकोट त्याच्या दहापट जाड आहे, पण तितकाच सच्छिद्रही आहे.

ऊन त्याच्यावर वर्षानुवर्षं पडलं की अतिनील किरण रेझिनच्या साखळ्या तोडतात. रेझिन झिजतं, आणि त्याने धरून ठेवलेले रंगाचे कण मोकळे होतात. हाताला लागते ती पावडर हीच. वरचा पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा होतो, त्यात उजेड विखुरतो आणि निळा रंग पांढरट दिसायला लागतो. लाल आणि गडद निळ्याची ही दशा सगळ्यात आधी डोळ्यात भरते. पांढऱ्या बोटीचं पाप पांढऱ्यातच झाकलं जातं.

शाळेतली पाटी आठवा. खडूने लिहून कोरड्या हाताने पुसली की भुरकट. ओला बोळा फिरवला की काळीभोर. वाळली की परत भुरकट. रबिंगवाल्याने माझ्या बोटीवर तेच केलं होतं. मऊ फोमच्या पॅडने त्याने मेलेल्या थराच्या खड्ड्यांत पॉलिशमधलं तेल भरलं, म्हणून ती चमकली. तेल उडालं आणि पाटी वाळली. गाडीच्या धंद्यात त्याला जपून हात चालवायची सवय, कारण तिथे थर पातळ आणि जास्त घासलं तर गिऱ्हाईक गळ्याशी येतं. बोटीवर मात्र मेलेला थर कापून खालचा जिवंत जेलकोट वर आणायचा असतो. चमक त्यानंतरची गोष्ट. म्हणून मशीन घेताना "किती चमकवतं" हे विचारू नका, "किती कापतं, आणि कापताना किती तापतं" हे विचारा.

किती कापायचंय हे घरच्या घरी कळतं. बोट साबणाने स्वच्छ धुवा. पाण्याच्या रेषेवर जो पिवळा-तपकिरी पट्टा बसतो तो ऑक्झॅलिक ॲसिडच्या क्लीनरने निघतो (हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवून), त्यासाठी मशीन झिजवू नका. बोट वाळली की एक हात ओल्या फडक्याने पुसा. रंग मूळ गडदपणाने परत आला, म्हणजे खाली जीव आहे, मशीनने काम होईल. ओलं असतानाही डाग-डाग, खरखरीत पॉलिश पेपरसारखं लागत असेल, तर आधी पाण्यात भिजवलेल्या पेपरने घासावं लागेल, १००० नंबर, मग १५००, मग २०००, आणि मग मशीन. आणि काचेच्या मॅटची वीण दिसत असेल, किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील, तर कुठलंच पॉलिशर तुमच्या कामाचं नाही. ते जेलकोट नव्याने मारायचं काम.

जुनी बोट विकत घेतली असेल तर आणखी एक बघा. मागच्या मालकाने वरून रंग मारलेला असू शकतो. रबराच्या पट्टीवर, खिळ्यांच्या डोक्यांवर रंगाचे शिंतोडे दिसले किंवा कुठे ओघळ दिसला तर समजा तो रंग आहे. मग थर पातळ, आणि रबिंगवाल्याचा जपून चालणारा हातच बरोबर.

आता माझा पराक्रम. बाजारात चार इंची ग्राइंडरला लावायचं वेल्क्रोचं बॅकिंग पॅड मिळतं. त्यावर पाच इंची फोम चिकटवला की झालं पॉलिशर, असं मला वाटलं. ग्राइंडर घरात होताच. कंपाउंड (थर घासून कापणारी पेस्ट) लावलं, बटण दाबलं, अर्ध्या सेकंदात कंपाउंड माझ्या शर्टावर, आणि दहाव्या सेकंदाला बोटीच्या मागच्या कोपऱ्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग. जळक्या प्लास्टिकचा वास आला तोवर उशीर झाला होता. कोपऱ्यावर जेलकोट मुळात पातळ बसलेला असतो, तो संपून खालची मॅट दिसायला लागली.

याचं गणित मी नंतर केलं, आधी करायला हवं होतं. असा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे मारतो. पाच इंची पॅडची कड त्या वेगाने सेकंदाला जवळपास ७२ मीटर धावते, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. खरा रोटरी पॉलिशर १,५०० फेऱ्यांवर चालवला तर सात इंची पॅडची कड सेकंदाला १४ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी पन्नासेक किलोमीटर. दोन्ही मशीन हातात सारखीच दिसतात. पण एक द्वारका चौकातून निघालेली रिक्षा, आणि दुसरी बुलेट ट्रेन. ग्राइंडरला वेग कमी करायची सोयही बहुधा नसते. त्यामुळे दुकानदार कितीही म्हणाला "साहेब, सगळे हेच वापरतात", तरी नको.

पॉलिशरचे खरे प्रकार दोन, आणि एक मधला.

रोटरी म्हणजे जातं. एकाच खुंट्याभोवती, एकाच दिशेने, सरळ गरगर. जेवढं दाबाल तेवढं कापतं, कुठे थांबत नाही. म्हणूनच जड काम याने सगळ्यात लवकर होतं, आणि म्हणूनच बोट जळतेही याच्यानेच. एका जागी दोन सेकंद जास्त रेंगाळलात तर तिथली सगळी उष्णता तिथेच. शिवाय गडद रंगावर हे मशीन गोल-गोल धुरकट वळसे सोडतं. उन्हात तिरकं बघितलं की ते दिसतात, सावलीत दिसत नाहीत, म्हणून काम संपल्यावर आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला हात.

दुसरं डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन. भोवरा कसा स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता जमिनीवर एक छोटी गोल चक्करही मारतो, तसं. पॅडची वाट सतत बदलते, उष्णता पसरते, वळसे उमटत नाहीत. नवख्या माणसाच्या हातात दिलं तरी सहसा नुकसान होत नाही. पण याची एक खोड आहे. जोरात दाबलं की स्वतःभोवती फिरणं थांबतं आणि नुसती थरथर उरते. मशीन आवाज करतंय, हात हलतायत, आणि कापणं शून्य. नवीन माणसाला हे कळतच नाही, तो आणखी दाबतो. यावर साधा उपाय म्हणजे बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर चिकटतो त्या चकतीच्या) कडेला मार्करने एक काळी रेघ मारा. रेघ फिरताना दिसत असेल तर काम चालू आहे. रेघ एका जागी थरथरत असेल तर दाब कमी करा.

डीए घेताना "थ्रो" नावाचा एक आकडा दिसेल, ८, १५, २१ मिलिमीटर. भोवऱ्याची ती छोटी चक्कर केवढी, हे तो सांगतो. ८ चं मशीन गाडीच्या हलक्या कामाला ठीक, बोटीवर दिवस जाईल आणि पावडर तशीच राहील. १५ आणि २१ या मोठ्या चक्करा इटलीच्या रूपेस कंपनीच्या बिगफूट मशिन्समुळे लोकांना माहीत झाल्या, आता इतरही अनेक कंपन्या बनवतात. २१ मोठ्या सपाट बाजूंवर छान पळतं, पण वळणावर पॅडची एकच कड टेकते आणि फिरणं बंद पडतं. चौदा फुटी बोटीला नाकाशी आणि काठाशी वळणंच वळणं. इथे १५ बरं, असं माझं मत.

मधला प्रकार म्हणजे गिअरने फिरवलेला डीए, फोर्स्ड रोटेशन म्हणतात तो. चक्करही मारतो आणि दाबलं तरी फिरणं थांबत नाही. कापायला डीएपेक्षा जोरदार, जळायची भीती रोटरीपेक्षा कमी. हाताला मात्र चांगलाच हिसका देतो. तासाभराने चहाचा कप धरवत नाही.

मशीनवर एवढं बोललो, पण खरं सांगायचं तर निम्मं काम पॅड करतो, आणि ही अक्कल मला गाडीवाल्याकडे नाही, अंबडच्या एका फायबर वर्कशॉपमध्ये मिळाली. तिथे साचे बनवतात, आणि साचा आरशासारखा लागतो, त्यामुळे जेलकोट कापण्यात त्यांचा हात बसलेला. तिथला कारागीर माझा फोमचा पॅड बघून म्हणाला, "भाऊ, हे आंघोळ घालायला ठीक. लोकर लावा लोकर." लोकरीच्या पॅडचा प्रत्येक धागा कंपाउंड घेऊन स्वतंत्र कापतो, आणि धाग्यांमधून हवा खेळते म्हणून तो फोमपेक्षा गार चालतो. फोम उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे पहिल्या कापणीला पिळाच्या लोकरीचा पॅड, तोही रोटरीवर. डीएवर लांब लोकर गुरफटते, तिथे आखूड लोकरीचा किंवा मायक्रोफायबरचा पॅड लावा. फोम शेवटच्या, चमकवायच्या हाताला.

आणि पॅड दर थोड्या वेळाने साफ करायचा. बोटीवर दर दोन-तीन चौकटींनंतर, कारण ती मेलेली पावडर लोकरीत जाऊन कंपाउंडसकट घट्ट होते आणि मग पॅड कापत नाही, नुसता तापतो. आम्ही मशीन हळू फिरवत जुना प्लास्टिकचा ब्रश धरला. अर्धा तास मळ्यात निळा धुरळा. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा याचसाठी.

प्रत्यक्ष काम करताना बोटीच्या एका आडव्या बाजूला, जिथे लोकांची नजर कमी जाते तिथे, दोन-दोन फुटांच्या दोन चौकटी टेपने आखल्या. एकीकडे रोटरी आणि लोकर, दुसरीकडे १५ चा डीए आणि मायक्रोफायबर, कंपाउंड दोन्हीकडे एकच, जेलकोटसाठी मिळतं ते. रोटरीला दोन हात पुरले. डीएला चार लागले. पण रोटरीच्या चौकटीत सकाळच्या तिरक्या उन्हात वळसे दिसले, डीएच्या चौकटीत नाहीत. मग ठरलं की कापायला रोटरी आणि त्यावर एक हात डीए. बोट पांढरी असती तर दुसरा हात मी खुशाल गाळला असता. पांढऱ्यावर ते वळसे शोधायला भिंगच लागेल.

रोटरी हजार ते अठराशे फेऱ्यांच्या मध्ये ठेवा. वर जायचा मोह होतो, जाऊ नका. पॅड जवळजवळ सपाट, हात चालता, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला, आधी आडवे मग उभे. कोपरे, कडा, नाकाची धार यांच्यावर टेप लावून टाका आणि ते शेवटी हाताने करा. (माझा कोपरा बघायचा असेल तर या.) वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर पॅड ती गुंडाळून घेतो. एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर सकाळी सहा ते नऊ. नंतर बोटीची बाजूच इतकी तापते की कंपाउंड लावता लावता वाळतं.

वेळेचा अंदाज हवा असेल तर आमच्या बोटीच्या दोन बाजू आणि मागची पाटी धरून सहा चौरस मीटरच्या आसपास भरतं. दोन फुटी चौकटी सोळा-सतरा. एका चौकटीला पाच-सहा मिनिटं धरली तर एक हात दीड तासाच्या आसपास. पुसणं, पॅड साफ करणं, चहा, आणि "मला दे जरा" म्हणणारे दोघे भागीदार धरून दोन सकाळी गेल्या. रोटरी मशीन दोन-तीन किलोचं असतं आणि ते उभ्या बाजूवर धरून ठेवायचं असतं, भिंत रंगवण्यासारखं नाही. म्हणून विकत घ्यायच्या आधी दुकानात नुसतं हातात घेऊन दोन मिनिटं पुढे धरून बघा. वेग कमी-जास्त करायची चकती आणि बटण दाबल्यावर हळू सुरू होण्याची सोय, ही दोन नसतील तर कितीही वॅटचं असलं तरी सोडा. स्पिंडल (पॅड बसवायचा आटे असलेला दांडा) एम-१४ असेल तर पॅड कुठेही मिळतात.

बॅटरीवर चालणारं मशीन मळ्यासाठी बरं वाटतं, कारण शेतीच्या लाइनला लाइटची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. पण हिशोब करा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॅट-अवर. ४०० वॅट ओढणारं मशीन त्यावर जेमतेम तेरा मिनिटं चालेल, म्हणजे दोन चौकटी. आम्ही घराच्या मीटरवरून जाड वायर ओढली. बाराशे वॅटचं मशीन पाचेक अँपिअर खातं, बारीक वायरवर व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. बोट धुतलेली, जमीन ओली, त्यामुळे ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) मध्ये असल्याशिवाय बटणाला हात लावू नका. यात काटकसर नको.

मग घ्यायचं काय? मी १५ चा डीए विकत घेतला आणि रोटरी त्या फायबरवाल्याकडून दोन दिवसांसाठी आणली. कारण बोट अशी कापायची वेळ काही वर्षांतून एकदा येते, आणि दरवर्षी कापली तर अर्धा मिलिमीटर कधी संपला ते कळणारही नाही. डीए मात्र दरवर्षीच्या हलक्या हाताला, आणि घरच्या गाडीलाही चालतो. बायकोपुढे खर्च मांडताना या शेवटच्या मुद्द्याने बरंच काम केलं. चांगल्या डीएच्या किमतीत साधे दोन-तीन रोटरी येतात हे खरं आहे. तुमची बोट पांढरी, हाताला भरपूर पावडर, आणि हात थोडा बसलेला असेल, तर एक बरा रोटरी आणि दोन लोकरीचे पॅड एवढ्यात भागेल, डीएच्या वाटेला जाऊच नका. हात अजिबात बसलेला नसेल तर आधी फुटक्या फायबरच्या तुकड्यावर एक रविवार घालवा. वर्कशॉपबाहेर असे तुकडे पडलेले असतात, मागितले तर कुणी नाही म्हणत नाही.

कापून, चमकवून झालं की त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट. सच्छिद्र जेलकोट उघडा ठेवला तर तो पहिल्या आठवड्यापासून ऊन आणि पाणी पिऊ लागतो. आम्ही संध्याकाळी कापडाने दोन हात वॅक्स लावलं, आणि या वेळी ताडपत्री आधी आणली होती. वॅक्सच्या गडबडीत लोकरीचे पॅड तसेच बादलीत राहिले. दुसऱ्या दिवशी बघतो तर निळ्या सिमेंटची भाकरी. तेव्हा पॅड त्याच रात्री कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुवा, झटका, आणि सावलीत वाळत घाला.